व्हँडेनबर्गचं रॉकेट बघायला निघताय? जागेआधी धुकं बघा

कॅलिफोर्नियात नवीन आलेल्या मंडळींना कधीतरी कळतं, की लॉस एंजेलिसपासून तीन तासांवर रॉकेटं उडतात आणि हल्ली सरासरी आठवड्याला एखादं तरी उडतंच. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतं, भारतातून आलेल्या आई-बाबांना गाडीत बसवलं जातं, आणि पहाटे चार वाजता सगळे जण दाट धुक्यात उभे राहून नुसता गडगडाट ऐकून परत येतात. जितकं जवळ जाऊ तितकं छान दिसेल, अशी सगळ्यांची समजूत असते. व्हँडेनबर्गच्या किनाऱ्यावर ती बऱ्याचदा उलटी पडते. इथे आधी दिवस निवडायचा, मग वेळ, आणि जागा सगळ्यात शेवटी.

१. हा तळ काय आहे ते आधी समजून घ्या

व्हँडेनबर्ग स्पेस फोर्स बेस हा सांता बार्बरा काउंटीतला लष्करी तळ आहे. १९४१ साली तो कॅम्प कुक नावाने सैन्याच्या प्रशिक्षणासाठी उभा राहिला, १९५७ मध्ये हवाई दलाकडे आला, १९५८ मध्ये जनरल हॉइट व्हँडेनबर्ग यांचं नाव मिळालं आणि मे २०२१ मध्ये ‘एअर फोर्स बेस’चा ‘स्पेस फोर्स बेस’ झाला. जुने लोक अजून ‘एअरफोर्स बेस’च म्हणतात, नकाशांवरही दोन्ही नावं सापडतील, जागा एकच. इथे १५,००० फूट लांबीची धावपट्टी आहे. स्पेस शटल उतरवता यावं म्हणून ती इतकी लांबवली, पण १९८६ च्या चॅलेंजर अपघातानंतर इथून शटल उडवण्याचा बेतच बारगळला.

रॉकेटं इथूनच का? कारण तळाच्या दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत नुसता समुद्र आहे. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह दक्षिणेकडे सोडावे लागतात, आणि वाटेत कोणाच्या डोक्यावर बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा पहिला टप्पा, पडू नये ही पहिली अट असते. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या पीएसएलव्हीला श्रीलंका चुकवायला वळण घ्यावं लागतं. इथे तो प्रश्नच येत नाही. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे पहिले फायरफ्लाय उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये इथूनच स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटवर गेले.

श्रीहरिकोट्याला प्रेक्षक गॅलरी आहे, ऑनलाइन नोंदणी करून पास मिळतो. तसं काही इथे शोधत बसू नका. प्रेक्षकांनी तळाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यांवरून आणि उद्यानांतून बघायचं, हीच रीत. तिकीट विकणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नका.

२. कोणतं उड्डाण बघायचं ते ठरवा

सगळी उड्डाणं सारखी नसतात. वेळापत्रकात चार गोष्टी बघा.

*लाँचपॅड.* फाल्कन ९ तळाच्या दक्षिण भागातल्या एसएलसी-४ ईस्टवरून उडतं (एसएलसी म्हणजे ‘स्पेस लाँच कॉम्प्लेक्स’). फायरफ्लाय या अमेरिकी कंपनीचं (पिक्सेलच्या उपग्रहांशी फक्त नावाचं साम्य) अल्फा रॉकेट उत्तर भागातल्या एसएलसी-२ वरून. एका पॅडसाठी शोधलेली जागा दुसऱ्या पॅडला निरुपयोगी ठरू शकते, म्हणून ‘व्हँडेनबर्ग’ एवढंच वाचून गाडी काढू नका.

*दिशा.* काही उड्डाणं सरळ दक्षिणेकडे जातात, तर स्पेसएक्सच्या स्टारलिंक या इंटरनेट-उपग्रहांची बरीच उड्डाणं आग्नेयेला, किनाऱ्याला जवळजवळ समांतर. आग्नेयेची असतील तर सांता बार्बरा, व्हेंचुरा आणि लॉस एंजेलिसहूनही छान दिसतात.

*बूस्टर कुठे उतरणार.* जड स्टारलिंक मोहिमांत बूस्टर प्रशांत महासागरातल्या ड्रोनशिपवर, म्हणजे माणसांविना चालणाऱ्या जहाजावर, उतरतो आणि किनाऱ्यावरून ते दिसत नाही. वजन कमी असेल तर तो परत फिरून पॅडशेजारच्या लँडिंग झोन ४ वर येतो. पहिल्यांदा असं ७ ऑक्टोबर २०१८ ला झालं. मोहिमेच्या माहितीत परतीचं लँडिंग लिहिलेलं असेल, तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवा. एका फेरीत दोन खेळ बघायला मिळतात.

*उजेड.* हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी साधारण अर्धा ते एक तास या पट्ट्यात उड्डाण असेल, तर जमिनीवर अंधार असतो पण रॉकेट उंचावर उन्हात शिरतं. तिथे हवा विरळ, म्हणून धूर अफाट पसरतो आणि निळसर-पांढरा, पारदर्शक पिसारा फुलतो. २२ डिसेंबर २०१७ च्या संध्याकाळी इरिडियम उपग्रह घेऊन गेलेल्या फाल्कनने लॉस एंजेलिसचे लोक घाबरले होते. परग्रहावरचं काही आलं असं बऱ्याच जणांना वाटलं. अशा उड्डाणाला लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोवाल्यांनी गाडी काढायची गरजच नाही. पश्चिमेचं क्षितिज मोकळं दिसेल अशी गच्ची किंवा टेकडी पुरते. आकाश निरभ्र असेल तर बे एरियातूनही दक्षिणेला खाली क्षितिजाजवळ दिसतं.

या वेळापत्रकात मिनिटमन ३ क्षेपणास्त्राच्या चाचण्याही येतात. ती उत्तर भागातल्या भूमिगत सायलोतून निघतात आणि पश्चिमेला, मार्शल बेटांतल्या क्वाजालीनकडे जातात. बऱ्याचदा वेळ मध्यरात्रीनंतरची असते, घोषणा उशिरा होते, आणि घन इंधनामुळे ते क्षेपणास्त्र फाल्कनपेक्षा कितीतरी झपाट्याने वर जातं. पहिल्याच खेपेला याच्या मागे लागू नका.

३. वेळ आपल्या घड्याळात आणा

वेळापत्रकं बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात यूटीसीच्या सात तास मागे असतं, हिवाळ्यात आठ. तास वजा केले तरी तारीख बदलायला लोक विसरतात. १५ जुलै, ०३:०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे १४ जुलैची रात्र, आठ वाजता. १५ ला रात्री पोचलात तर रिकामं आकाश बघाल. पुण्या-नाशिकच्या घरच्यांना थेट प्रक्षेपण दाखवायचं असेल तर त्यांच्याकडे तेव्हा १५ ची सकाळ, साडेआठ वाजलेले असतील.

दुसरी गोम ‘विंडो’ची, म्हणजे उड्डाणासाठी राखलेल्या कालावधीची. विंडो चार तासांची लिहिलेली असली तरी त्या चार तासांत कधीही उडेल असं नव्हे. ठरलेली वेळ एकच असते, बाकीच्या वेळा राखीव. फाल्कनमध्ये अतिथंड द्रव ऑक्सिजन भरतात आणि तो तापायच्या आत उडावं लागतं. भरणं सुरू झाल्यावर थांबले, तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

तारखेची खात्री निदान तीनदा करा: आदल्या आठवड्यात, आदल्या रात्री आणि गाडी काढण्यापूर्वी. स्पेसएक्सचं संकेतस्थळ किंवा ज्या संस्थेचं उड्डाण असेल ती, आणि तळाची जबाबदारी असलेलं स्पेस लाँच डेल्टा ३० यांच्या घोषणा प्रमाण माना. ग्रुपवर फिरणारी चित्रं बहुतेक शिळी असतात.

४. धुक्याचा अंदाज घ्या

इथला समुद्र थंड. त्यावरून येणारी दमट हवा किनाऱ्यालगत ढगाची जाड गादी तयार करते, तिला मरीन लेयर म्हणतात. मे-जूनमध्ये तर ‘मे ग्रे, जून ग्लूम’ असं नावच पडलंय, पण तळाशेजारच्या लॉम्पोक गावाच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टही काही वेगळे नसतात. रात्री आणि पहाटे गादी सगळ्यात जाड, दुपारी विरते. हिवाळ्यात, पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर आकाश सगळ्यात स्वच्छ.

आणि इथेच नवखा फसतो. ‘हवामान ९० टक्के अनुकूल’ असं वाचून तो निघतो. ते ९० टक्के रॉकेटसाठी असतात. वरच्या थरांतला वारा, वीज, जाड ढग यांचा तो हिशेब. तुम्हाला दिसेल की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. रॉकेट धुक्यातूनही उडतं. ५ मे २०१८ ला पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी मंगळाकडे निघालेलं इनसाइट यान इथूनच गेलं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दुसऱ्या ग्रहाकडे निघालेली ती पहिलीच मोहीम, आणि जमलेल्या लोकांना धुक्यात आवाजाखेरीज फारसं काही मिळालं नाही.

अंदाज असा घ्या:

- राष्ट्रीय हवामान सेवेच्या लॉस एंजेलिस कार्यालयाची ‘फोरकास्ट डिस्कशन’ वाचा. भाषा रुक्ष असते, पण त्यात मरीन लेयरची जाडी फुटांत दिलेली असते. तोच आकडा आपल्या कामाचा.
- गोज-वेस्ट या हवामान उपग्रहाचं ताजं चित्र बघा. किनाऱ्याला चिकटलेला पांढरा पट्टा खोऱ्यात किती आत शिरलाय ते एका नजरेत कळतं.
- विमानतळांचे निरीक्षण-संदेश बघा: व्हँडेनबर्गचा संकेत केव्हीबीजी, लॉम्पोकचा केएलपीसी, सांता मारियाचा केएसएमएक्स. त्यात ‘ओव्हीसी००३’ असेल तर ढगाचं छत ३०० फुटांवर आहे. ‘ओव्हीसी०१२’ म्हणजे १,२०० फूट. ‘सीएलआर’, म्हणजे आकाश मोकळं, असं दिसलं की निघा.

आता जाडी आणि आपल्या जागेची उंची यांची तुलना करा. जाडी ६०० फूट असेल तर किनाऱ्यावर काही दिसणार नाही, पण त्याहून उंच टेकडीवर तुम्ही ढगांच्या वर असाल आणि रॉकेट त्या पांढऱ्या गादीतून वर येताना दिसेल. दूरवरची उंच जागा जवळच्या किनाऱ्याला हरवते ती अशी.

५. मग जागा ठरवा

पुढची अंतरं एसएलसी-४ पासूनची, ढोबळ आहेत. आवाज येण्याचा हिशेब सोपा आहे: दर किलोमीटरला तीन सेकंद.

*वेस्ट ओशन ॲव्हेन्यू, लॉम्पोकच्या पश्चिमेला.* आठ-दहा किलोमीटर. सगळ्यात लोकप्रिय जागा, शेतांमधून जाणारा सरळ रस्ता. पॅड टेकड्यांआड राहतं: आधी टेकडीमागे उजेड फुटतो, मग रॉकेट वर येतं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर आवाज छातीवर येऊन आदळतो. सर्फ बीचकडे जाणारा टोकाचा भाग उड्डाणाआधी अनेकदा बंद करतात, तेव्हा नाकाबंदी जिथे असेल तिथे थांबायचं. गाडी पांढऱ्या रेषेच्या पूर्ण बाहेर लावा आणि शेतांची फाटकं अडवू नका. पहाटे तिथे ट्रॅक्टर खरोखरच येतात.

*प्रॉव्हिडन्स लँडिंग पार्क, व्हँडेनबर्ग व्हिलेज.* चौदा किलोमीटर. घरच्यांबरोबर, विशेषतः वयस्कर मंडळी आणि लहान मुलं असतील तर ही जागा घ्या. पार्किंग आहे, जमीन सपाट आहे, आणि फायरफ्लायच्या एसएलसी-२ पासूनही ती साधारण तितक्याच अंतरावर पडते. आजूबाजूला वस्ती आहे. रात्री गाडीतून गाणी लावू नका.

*हॅरिस ग्रेड रोड.* वीसेक किलोमीटर. लॉम्पोकच्या उत्तरेचा घाटरस्ता. उंचीमुळे धुक्याच्या रात्री हाच तारतो. थांबायला मोजक्याच जागा आहेत, त्यामुळे तास-दीड तास आधी पोचा. वळणावर गाडी लावणारे दर खेपेला दिसतात. तुम्ही त्यांच्यात नको.

*हलामा बीच.* दक्षिणेकडचं काउंटी पार्क, जागा अप्रतिम. स्पेलिंग जे-ने सुरू होतं, उच्चार स्पॅनिश वळणाचा. हायवे १ सोडल्यावर चौदा मैल अरुंद, वळणावळणाचा रस्ता आहे आणि मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच, म्हणजे उड्डाण पुढे ढकललं तरी कळणार नाही. काही उड्डाणांना सुरक्षिततेसाठी हे पार्क रिकामंही करतात. आधी काउंटीला विचारून घ्या. गेलातच तर तिथल्या दुकानातला बर्गर प्रसिद्ध आहे, शाकाहारींनी डबा न्यावा.

*फिगेरोआ माउंटन.* साठेक किलोमीटर, उंची साडेचार हजार फूट. खाली सगळं धुक्यात बुडालेलं असेल तेव्हाची राखीव जागा. आवाज जेमतेम येतो. रस्ता रात्री निर्मनुष्य आणि वळणांचा, नवीन गाडी शिकलेल्याने चालवू नये.

सर्फ बीचबद्दल आणखी एक. १ मार्च ते ३० सप्टेंबर हा तिथे स्नोई प्लोव्हर या छोट्या पक्ष्याच्या विणीचा हंगाम असतो. वाळूचा बराचसा भाग बंद असतो, आणि नियमभंगाची ठरलेली संख्या ओलांडली की उरलेल्या हंगामापुरता किनाराच बंद होतो. सर्फला ॲमट्रॅकचं स्थानक आहे म्हणून गाडीशिवाय जायचा विचार मनात येईल. दिवसाला मोजक्या गाड्या, कर्मचारी नाहीत, आडोसाही नाही. सोडून द्या.

६. रस्ता, कागदपत्रं, सामान

लॉस एंजेलिसहून १०१ ने उत्तरेला, गाव्हिओटा ओलांडल्यावर हायवे १ ने लॉम्पोक. साधारण अडीचशे किलोमीटर. सॅन होजेहून १०१ ने दक्षिणेला सांता मारिया, तिथून हायवे १; पावणेचारशे किलोमीटर, मध्ये चहाला थांबून पाच तास धरा. पेट्रोल, इथल्या भाषेत गॅस, ब्युअल्टन किंवा सांता मारियात भरून घ्या. गाव्हिओटाच्या पट्ट्यात रेंज जाते, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

कागदपत्रं:

- वाहन परवाना. पर्यटक म्हणून आलेल्यांना वैध भारतीय परवान्यावर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते, पण भाड्याच्या गाडीची कंपनी आंतरराष्ट्रीय परवानाही मागू शकते.
- गाडीची नोंदणी आणि विम्याचा कागद.
- भारतातून आलेल्यांचा पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) याची प्रत. बाहेर उभं राहून बघायला कोणी विचारत नाही. पण लष्करी तळाच्या कुंपणाजवळ रात्री उभं राहायचं तर ओळखपत्र खिशात असलेलं बरं.

सामान: जाड जाकीट, कानटोपी आणि एक चादर जास्तीची. ऑगस्टमध्येही इथल्या रात्री १२-१३ अंशांवर येतात आणि वारा वेगळा. लॉस एंजेलिसच्या टीशर्टवर आलेले लोक गाडीतून बाहेरच पडत नाहीत. ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण, घडीच्या खुर्च्या, पॉवर बँक, टॉर्च, पाणी, थर्मासमध्ये चहा. कचऱ्यासाठी पिशवी. स्वच्छतागृहाचं काम लॉम्पोक गावातच उरकून घ्या.

ड्रोन आणू नका. तळावरचं आकाश प्रतिबंधित आहे. कुंपण, बंद फाटक, ‘प्रवेश बंद’ची पाटी यांच्या पलीकडे एक पाऊलही नको, हद्द संघराज्य सरकारच्या ताब्यातली आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्याला असलं प्रकरण परवडत नाही.

७. उड्डाणाच्या वेळी

फाल्कनचा क्रम साधारण असा: ३८ मिनिटं आधी इंधन भरायचा निर्णय, ३५ मिनिटं आधी भरायला सुरुवात. तोवर गाडीत बसून राहा. भरणं सुरू झाल्याची खबर आली की उतरा, डोळे अंधाराला सरावू द्या. एक मिनिट उरलं की संगणक सूत्रं घेतात. थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. त्यातले आकडे मोजत बसलात तर टेकडीमागचा उजेड हुकेल.

उड्डाणानंतर साधारण सव्वा मिनिटाने हवेचा सर्वाधिक दाब, अडीच मिनिटांच्या सुमारास पहिला टप्पा बंद होऊन वेगळा होतो. त्या क्षणी ज्योत विझते आणि निम्मे लोक गाडीकडे वळतात. थांबा. दुसऱ्या टप्प्याचा ठिपका लगेच पेटतो, आणि संध्याकाळ असेल तर खरा पिसारा त्यानंतरच फुलतो. बूस्टर परत येणार असेल तर सात-आठ मिनिटांच्या दरम्यान त्याची ज्योत पुन्हा दिसते. तो उतरून गेल्यावर सोनिक बूम पोचतो, तोफेच्या बारासारखा, एकामागोमाग. तान्ही बाळं, कुत्री आणि हृदयविकाराची मंडळी यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

८. फोटो काढायचेच असतील तर

रात्री प्रकाशाची रेघ हवी असेल तर ट्रायपॉड, १४ ते २४ मिमीची लेन्स, आयएसओ १००, एफ/११ ते एफ/१६, शटर अडीच-तीन मिनिटं उघडं. फोकस दूरच्या दिव्यावर हाताने लावून ठेवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर कॅमेरा पुढची तीन मिनिटं अडकून पडतो. पूर्वेकडून बघताना रॉकेट डावीकडे, म्हणजे दक्षिणेला झुकतं. चौकटीत डावीकडे मोकळी जागा सोडा. नवखे रॉकेट मधोमध धरतात आणि रेघ अर्ध्यात कापली जाते. दिवसा १/२००० शटर, एफ/८. मोबाइलवर एक्स्पोजर लॉक करून उजेड कमी करा, नाहीतर ज्योतीचा नुसता पांढरा गोळा येईल. पहिल्यांदाच जात असाल तर मोबाइल खुर्चीला टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि डोळ्यांनी बघा.

९. स्क्रब झालं तर

रद्द होणं नेहमीचंच आहे, अगदी शेवटच्या मिनिटातही. पुढचा प्रयत्न बहुधा २४ तासांच्या आसपास असतो, पण पक्का नसतो. लॉम्पोक किंवा सांता मारियात राहायचं असेल तर रद्द करता येणारंच बुकिंग करा, आणि मध्ये एक दिवस मोकळा धरा. दिवस काढायला लॉम्पोकजवळचं ला पुरिसिमा मिशन आणि सॉल्व्हँग ही डॅनिश वळणाची वस्ती आहे. दुसऱ्या दिवशीचं धुकं मात्र पुन्हा नव्याने बघा. आदल्या रात्रीचं स्वच्छ आकाश इथे काहीच सांगत नाही.

उड्डाणानंतर ओशन ॲव्हेन्यू आणि हॅरिस ग्रेडवर गाड्यांची रांग लागते. वीस-पंचवीस मिनिटं तिथेच थांबून उरलेला चहा संपवा, मग निघा. पहाटेचं उड्डाण असेल आणि चालक रात्रभर जागा असेल, तर १०१ गाठण्याआधी लॉम्पोकमध्ये तासभर झोप काढूनच पुढे जा.